घाट ऐकू येतो का?

नववीचा वर्ग. भूगोलाचा तास. फळ्यावर समोच्चरेषा काढलेल्या होत्या आणि त्यांच्यावरून बोरघाटाचा छेद कसा काढायचा, हे बाई समजावून सांगत होत्या. आम्ही दोघे-तिघे मागच्या बाकावर बसून तास पाहत होतो. मुले आलेखाच्या कागदात डोके खुपसून बसली होती. एकच मुलगी हातावर हात ठेवून स्वस्थ होती. तिला दिसत नाही. समोच्चरेषेची व्याख्या तिला तोंडपाठ होती. पण त्या रेषांचे करायचे काय, हे तिच्यापर्यंत पोहोचण्याचा काही मार्ग नव्हता. बाई तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “तू आज नुसतं ऐक हं.” त्यावर ती शांतपणे म्हणाली, “ऐकते बाई, पण ह्यात ऐकण्यासारखं काय आहे?”

प्रश्न उद्धट नव्हता, खरा होता. नकाशा, आलेख, छेद ही सगळी डोळ्यांसाठी तयार केलेली साधने. ज्याला डोळे नाहीत, त्याने त्यांच्या व्याख्या पाठ कराव्यात, अशीच आपल्या वर्गांतील प्रथा. पण चढ कानाला कळू शकणार नाही, असे कोणी सांगितले? तास संपल्यावर आम्हाला शाळेतली पेटी आठवली आणि दुसऱ्या दिवशी ती वर्गात आणायचे ठरले. नकाशातून आणि प्रवासातून ध्वनी निर्माण करण्याचा हा उद्योग जगात अनेक कलावंतांनी केला आहे. त्यात भूगोल आहे, भौतिकशास्त्र आहे आणि गणितही आहे. म्हणून या लेखात त्याची थोडी ओळख करून घेऊ.

नकाशा म्हणजे नियम

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. नकाशा हे जमिनीचे चित्र नव्हे. तो काही नियमांनी केलेला तर्जुमा आहे. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर जमिनीवरचा एक किलोमीटर दोन सेंटिमीटर होतो, हा एक नियम. समान उंचीची ठिकाणे एका रेषेने जोडायची, हा दुसरा नियम. एका संचातील प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचातील एक घटक नेमून देणे, याला गणितात फलन म्हणतात. नकाशा काढणारा उंचीला रेषा नेमून देतो. मग आपण उंचीला स्वर नेमून दिला तर? नियम बदलला एवढेच. फलन ते फलनच.

ब्राझीलचे विख्यात संगीतकार एइतोर व्हिला-लोबोस (१८८७-१९५९) यांनी नेमके हेच केले. न्यूयॉर्क शहरातील उंच इमारतींची आकाशावर उमटणारी दातेरी रेषा त्यांनी चौकटीच्या कागदावर उतरवली. कागदावर डावीकडून उजवीकडे जाणे म्हणजे काळ पुढे सरकणे आणि वर जाणे म्हणजे स्वर चढणे, असे ठरवले. त्या रेषेतून जी सुरावट निघाली, तिच्यावर १९३९ साली त्यांनी पियानोसाठी एक छोटी रचना केली. पुढे १९४४ मध्ये त्यांनी आपल्या सहाव्या सिम्फनीसाठी ब्राझीलच्या डोंगरांच्या रेषा अशाच वापरल्या. या रीतीला त्यांनी दिलेले नाव मिलिमीटर या शब्दावरूनच बनवलेले होते. व्हिला-लोबोस हे शिक्षणातलेही मोठे नाव. १९३२ पासून रिओ दि जानेरो शहरातील शाळांच्या संगीतशिक्षणाची सूत्रे त्यांच्याकडे होती.

मात्र एक गोष्ट नजरेआड करू नये. डोंगराच्या रेषेने त्यांना फक्त स्वरांची उतरंड दिली. तिच्याखालची साथ, लय, कोणते वाद्य वाजवायचे, हे सगळे संगीतकाराने स्वतः ठरवले. डोंगर गात नाही. गायला लावणारा माणूस असतो.

बोरघाटाची सुरावट

आता पेटीकडे वळू. रेल्वे स्थानकांवरील पिवळ्या पाट्या आपण नेहमी पाहतो. स्थानकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मुंबईहून पुण्याला जाताना या उंच्या टिपल्या की आपला कच्चा माल तयार झाला. पाढ्यासारखे सोपे जावे म्हणून इथे आपण ढोबळ आकडे घेऊ.

मुंबई : अंतर ०, उंची सुमारे १० मीटर
कल्याण : अंतर ५४ कि.मी., उंची सुमारे १० मीटर
कर्जत : अंतर १०० कि.मी., उंची सुमारे ५० मीटर
लोणावळा : अंतर १२८ कि.मी., उंची सुमारे ६२० मीटर
पुणे : अंतर १९२ कि.मी., उंची सुमारे ५६० मीटर

आपले नियम दोन. पहिला : प्रत्येक ५० मीटर उंचीला पेटीची एक पट्टी वर चढायचे. पांढऱ्या-काळ्या सगळ्या पट्ट्या क्रमाने मोजायच्या. समुद्रसपाटी म्हणजे सा. दुसरा : प्रत्येक १० किलोमीटरला एक मात्रा.

हिशेब करून पाहा. मुंबई आणि कल्याण दोन्ही सा वर येतात. कर्जत एक पट्टी वर, म्हणजे कोमल रे. लोणावळ्याचे ६२० भागिले ५० म्हणजे १२.४, जवळचा पूर्णांक १२, आणि बारावी पट्टी म्हणजे तार सप्तकातला सा. पुण्याचे ११.२, म्हणजे ११ : शुद्ध नी. आता मात्रा मोजू. पहिल्या पाच मात्रा सा वर तसेच थांबायचे. पुढच्या पाच मात्रांत जेमतेम कोमल रे गाठायचा. मग फक्त तीन मात्रांत अकरा पट्ट्या चढून थेट तार सा! आणि त्यानंतर सहा मात्रा घेत एकच पट्टी खाली, नी वर येऊन थांबायचे.

पेटीवर हे वाजवले तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली. कोकणपट्टीचा सपाटपणा, सह्याद्रीची भिंत आणि त्यामागचे दख्खनचे पठार, हे तिन्ही त्या एकोणीस मात्रांत होते. सह्याद्री पश्चिमेकडून कड्यासारखा उभा राहतो आणि पूर्वेकडे हळूहळू उतरतो, हे वाक्य मुलांनी पुस्तकात अनेकदा वाचलेले होते. ती मुलगी म्हणाली, “म्हणजे पुणं डोंगराच्या पलीकडे खाली नाहीच. ते वरच राहिलंय.” भूगोलाच्या बाईंनी त्या दिवशी इतर मुलांनाही हेच वाक्य वहीत लिहायला सांगितले.

अर्ध्या घाटात पंचम की तीव्र मध्यम?

इथे विज्ञानाच्या शिक्षकांसाठी एक मेख आहे. समजा सा ची कंप्रता २४० हर्ट्झ आहे. तार सा त्याच्या दुप्पट, म्हणजे ४८० हर्ट्झ. आपल्या नियमाप्रमाणे ६०० मीटर चढल्यावर तार सा येतो. मग ३०० मीटरवर, म्हणजे बरोबर अर्ध्या उंचीवर, कोणता स्वर येईल?

पट्ट्या मोजल्या तर सहावी पट्टी, म्हणजे तीव्र मध्यम. पण पट्ट्यांऐवजी कंप्रता उंचीच्या प्रमाणात वाढवली, तर २४० आणि ४८० यांच्या मध्यावर ३६० हर्ट्झ येते. आणि सा च्या दीडपट कंप्रता म्हणजे पंचम! एकच डोंगर, एकच उंची, आणि दोन वेगळे स्वर. चूक कुठे झाली?

चूक झालेलीच नाही. आपला कान कंप्रतेतील फरक मोजत नाही, गुणोत्तर मोजतो. पेटीवरची प्रत्येक पुढची पट्टी मागच्या पट्टीपेक्षा काही ठरावीक हर्ट्झने जास्त नसते. ती सुमारे १.०५९ पट असते. १.०५९ ला स्वतःने बारा वेळा गुणले की साधारण २ येतात. म्हणून सहाव्या पट्टीची कंप्रता ३६० नसून सुमारे ३३९ हर्ट्झ असते. पहिल्या नियमात कानाला चढ एकसारखा वाटेल. दुसऱ्या नियमात घाटाचा खालचा भाग अधिक उभा आणि वरचा भाग निवळल्यासारखा वाटेल.

जगाच्या नकाशातही असेच घडते. मर्केटरच्या प्रक्षेपणात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. मर्केटर खोटा नव्हता. त्याच्या नियमाने दिशा जपल्या आणि क्षेत्रफळे सोडली. नकाशा डोळ्यांचा असो की कानांचा, त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा : तुझ्या नियमाने काय जपले आणि काय सोडले?

उलट जाता येते का?

दुसरी कसोटी अशी : सुरावट ऐकून मूळ नकाशा परत काढता येतो का? आमच्या घाटाच्या बाबतीत येतो, पण थोडी खोट सोसून. ६२० मीटर आणि ६०० मीटर दोन्ही त्याच पट्टीवर येतात. म्हणजे उंची परत काढताना सुमारे २५ मीटर इकडे-तिकडे होणारच. वर्गातील मुलांना डोळे मिटून सुरावट ऐकायला लावा आणि छेद काढायला सांगा. रेषा बऱ्यापैकी जुळते.

परंतु सर्वच कलावंतांना नकाशा परत मिळवून द्यायचा नसतो. अमेरिकन संगीतकार जॉन केज (१९१२-१९९२) यांनी १९६१-६२ मध्ये आकाशाच्या नकाशावरून एक मोठी वाद्यवृंद-रचना केली. झेक खगोलशास्त्रज्ञ अँतोनीन बेच्वार यांचा ताऱ्यांचा नकाशासंग्रह त्यांनी घेतला आणि त्याचेच नाव रचनेला दिले : ‘अ‍ॅटलस एक्लिप्टिकॅलिस’. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून ताऱ्यांच्या जागी स्वर मांडले. स्वराचे चिन्ह जेवढे मोठे, तेवढा तो जोरात वाजवायचा. कोणते तारे घ्यायचे, अशा निर्णयांत त्यांनी जाणूनबुजून नशिबाला वाव दिला. ८६ वादकांसाठी भाग लिहिले; त्यातले कितीही घेऊन रचना वाजवावी अशी मुभा ठेवली. १९६४ साली न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाने ती सादर केली, तेव्हा बरेच श्रोते मध्येच उठून गेले.

ती ऐकून कोणाला सप्तर्षी ओळखता येणार नाहीत. केज यांचा तो हेतूही नव्हता. स्वतःच्या आवडीनिवडीतून सुटलेले संगीत त्यांना हवे होते, आणि तारे कोणाच्या आवडीने मांडलेले नसतात. एकाच रीतीने माहितीही पोहोचवता येते आणि कलाही घडवता येते. वर्गात करताना आपण यातले काय करत आहोत, हे आधी ठरवावे. मुलीला घाटाचा चढ कळायला हवा असेल, तर नियम साधा, ठरलेला आणि तिला आधी सांगितलेला असला पाहिजे.

“बोगदे कुठे आहेत?”

आमची सुरावट झाली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही स्वतःवर खूश होतो. तेवढ्यात त्या मुलीने विचारले, “पण ह्यात बोगदे कुठे आहेत?”

तिचे आजोळ पुण्याचे. हा घाट तिने आमच्यापेक्षा जास्त वेळा पार केलेला. कर्जत आले हे तिला वडापाववाल्यांच्या आरोळ्यांवरून कळते. मग मागून एक धक्का बसतो : घाट चढवण्यासाठी बहुतेक गाड्यांना तिथे मागे जादा इंजिने जोडतात. पुढे गाडी मंदावते. या घाटात सर्वांत तीव्र चढ ३७ मीटर जाताना १ मीटर असा आहे, आणि आगगाडीच्या दृष्टीने तो फार झाला. मग चाकांचा आवाज अचानक भिंतीसारखा अंगावर येतो : बोगदा. पुन्हा एकदम पोकळ होतो : बाहेर दरी. “मी दर वेळी मोजते,” ती म्हणाली.

मोकळ्या जागेत चाकांचा बराचसा आवाज दूर निघून जातो. बोगद्यात तो दगडी भिंतींवरून परतून पुन्हा पुन्हा डब्यावर आदळतो. हा फरक डोळसांनाही ऐकू येतो, पण आपण खिडकीबाहेर बघत असतो. मुलीचा आक्षेप दुहेरी होता. आमच्या नियमाने उंची जपली. पण ठिकाणाचा स्वतःचा आवाज सोडून दिला. आणि तीन मात्रांत घाट संपवला! किलोमीटर मोजणारा नियम नकाशाचा असतो. प्रवास मिनिटांत मोजला जातो, आणि मिनिटांच्या हिशेबाने घाट लांबच लांब असतो. दुसऱ्यांदा वाजवताना मुलांनी वेळापत्रकातले मिनिटांचे आकडे घेतले, आणि चढ कितीतरी सावकाश झाला.

ठिकाणालाच बोलू द्यावे

हा दुसरा मार्गही कलावंतांनी चोखाळला आहे. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रान्सच्या नभोवाणीवर पिएर शेफर यांची सुमारे तीन मिनिटांची एक रचना प्रक्षेपित झाली. तीत एकही वाद्य नव्हते. होते ते फक्त पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेले आगगाड्यांचे आवाज, कापून आणि जोडून मांडलेले.

न्यूझीलंडमध्ये १९३९ साली जन्मलेल्या ॲनिआ लॉकवुड यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील हडसन नदीचा ‘ध्वनिनकाशा’ तयार केला. डोंगरातल्या उगमापासून, सुमारे ५०० किलोमीटरचा प्रवास करत समुद्रापर्यंत, वाटेत ठिकठिकाणी नदीचा आवाज टिपला. ऐकणाऱ्यांसमोर नदीचा नकाशा असे, म्हणजे कानाने आपण कुठे आहोत हे कळावे. पुढे २००१ ते २००४ या काळात त्यांनी युरोपातील डॅन्यूब नदीचाही असाच नकाशा केला. त्यात पाण्याखालचे आवाज आहेत आणि काठावरच्या माणसांची बोलणीही.

नदीच्या या ध्वनिनकाशात एक गंमत आहे. वाहत्या पाण्याचा खळखळाट मुख्यतः पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे होतो. १९३३ मध्ये मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने दाखवले, की बुडबुड्याचा आकार आणि त्याचा स्वर यांचे नाते ठरलेले असते. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३,३०० हर्ट्झने कंप पावतो. ५ मिलिमीटरचा सुमारे ६५० हर्ट्झने. जेवढा बुडबुडा लहान, तेवढा स्वर उंच. डोंगरातला ओढा दगडांवर आपटून अखंड बुडबुडे घेत जातो, म्हणून तो किणकिणतो. सपाटीवरची संथ नदी हवा गिळतच नाही, म्हणून ती जवळजवळ मुकी असते. काठावर चुबकणाऱ्या लाटा तेवढ्या ऐकू येतात. उंचीला पट्टी नेमून देण्याचा खटाटोप आम्ही केला. नदी मात्र आपला उतार स्वतःच सांगत जाते.

आवाज टिपण्याचे महत्त्व कलेपुरते नाही. कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात मरे शेफर (१९३३-२०२१) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास परिसराच्या आवाजांचा अभ्यास सुरू केला. १९७५ मध्ये त्यांनी स्वीडन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि स्कॉटलंड या देशांतील एकेक गाव निवडून तिथले आवाज नोंदवले. सुमारे २५ वर्षांनी फिनलंडच्या संशोधकांनी पुन्हा त्याच पाच गावांना भेट दिली आणि काय उरले, काय गेले, काय नवे आले ते तपासले. पहिली नोंद होती म्हणूनच दुसरीला अर्थ आला. आपल्या गावातली पिठाची गिरणी, देवळातली घंटा, पाणवठा, कल्हईवाल्याची आरोळी यांची पहिली नोंद कोणी केली आहे? नकाशावर देऊळ राहते, घंटा किती दूरवर ऐकू जात होती ते राहत नाही.

आपल्या वर्गासाठी

यासाठी खर्च फारसा नाही. तीन टप्प्यांत करता येईल.

१. आपल्या गावाजवळच्या एखाद्या मार्गावरील पाच ठिकाणांच्या उंच्या मिळवा. नियम मुलांनाच ठरवू द्या : एका पट्टीला किती मीटर, एका मात्रेला किती किलोमीटर. पेटी नसेल तर पाण्याच्या कमी-अधिक भरलेल्या बाटल्यांवर फुंकूनही चालेल. दोन गटांनी दोन वेगळे नियम घ्यावेत आणि सुरावटींतील फरकावर चर्चा करावी.

२. छेदाच्या रेषेवर जाड दोरा चिकटवून कागद उठावदार करा. ऐकताना बोट दोऱ्यावरून फिरू द्या. न दिसणाऱ्या मुलांना कान आणि बोट एकत्र मिळाले की चढ पक्का बसतो. दिसणाऱ्यांनीही डोळे मिटून हे करून पाहावे.

३. शाळेच्या वाटेवरील पाच थांबे निवडा. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे डोळे मिटून उभे राहा आणि ऐकलेले आवाज लिहा. हल्ली मोबाइलवर ध्वनिमुद्रणही सहज होते. नंतर वाटेचा नकाशा काढा. पण त्यावर घरे आणि झाडे नकोत, फक्त आवाज. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका. हा कागद पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी जपून ठेवा.

त्या वर्गात तिसरा टप्पा झाला, तेव्हा सर्वांत भरगच्च नकाशा त्या मुलीने सांगून दुसरीकडून काढून घेतला. पाच थांब्यांत इतरांनी नऊ-दहा आवाज टिपले होते; तिचे तेवीस होते. काढणारी मैत्रीण दमून म्हणाली, “अगं, थांब की जरा!” बाई हसल्या आणि म्हणाल्या, “सांगू दे तिला. आज तू नुसतं ऐक.”

आपल्या वर्गात हा प्रयोग केल्यास कोणता नियम निवडलात आणि त्याने काय सुटले, ते आम्हाला जरूर कळवा.